कातळावरच्या बाई

बाई मंगळवारी सकाळी गेल्या. दुपारी कान्ह्याहून त्यांची बहीण आली. संध्याकाळी सगळं आटोपलं. बुधवारी मी कामावर गेलो.

शेजारच्या काकू त्या दिवशी फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "फार मायाळू होत्या हो. कुणाला कधी वाकडा शब्द नाही." ते ऐकून मला हसू आलं. बाईंना कुणी तोंडावर मायाळू म्हटलं असतं तर त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढून आतून कडी लावली असती. या काकूंना तर त्यांनी तसं एकदा काढलंही होतं.

माणूस गेलं की लोक त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवतात. बाईंची तशी घडी होत नाही. कुठला तरी कोपरा बाहेर राहतोच. म्हणून हे लिहितो आहे.

मी त्यांचा भाडेकरू. लोणावळ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. बाईंनी आयुष्यभर दुसऱ्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जगाला शिकवायला घेतलं. त्यांचं घर तुंगार्लीच्या बाजूला. आसपासची जुनी घरं एकेक करून शनिवार-रविवारचे बंगले झाली होती. निळे दिवे, पोहण्याचे हौद, आणि हौदाभोवती कृत्रिम हिरवळ. त्या हिरवळीवर बाईंचा विशेष राग होता. "ही बघा," त्या म्हणायच्या, "कधी वाळत नाही. कारण कधी जगलीच नाही."

खोली बघायला आलेल्या माणसाला बाई खोली दाखवत नसत, आधी गच्ची दाखवत. मी गेलो तो उन्हाळ्यात. गच्चीवर काळे, चपटे दगड मांडलेले. प्रत्येकावर तपकिरी काहीतरी चिकटलेलं. काही मुठी आवळल्यासारखे गोळे, काही चहाच्या चोथ्यासारखे पुंजके, काही नुसतंच जळक्या दोऱ्यांसारखं. बाई कमरेवर हात ठेवून पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. पाहुणा हमखास म्हणायचा, "अरेरे, पाणी नाही का घातलं?" की त्याची खोली गेली. एका बँकेतल्या साहेबांनी तर आपणहून पाण्याचा मग भरून आणला होता. त्यांना खोलीचं दारसुद्धा बघायला मिळालं नाही.

मी काही बोललो नाही. मला काही सुचलंच नाही. बुजरा माणूस आहे मी. अनोळखी बाईंच्या गच्चीवरच्या कचऱ्याविषयी काय बोलायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

"खोली तुमची," बाई म्हणाल्या.

या गप्प बसण्यात काहीतरी मोठी समज आहे असं त्यांनी धरून चाललं. तो गैरसमज मी शेवटपर्यंत दूर केला नाही. भाडेकरूने करूही नये.

तो कचरा म्हणजे काय, हे मला पुढच्याच महिन्यात सक्तीने कळलं. मावळातल्या डोंगरांच्या माथ्यावर जिथे माती जवळजवळ नसतेच, नुसता कातळ असतो, तिथे काही गवतं, काही नेचे आणि शेवाळाच्या जातीची काही झाडं असतात. पावसाळ्यात ती हिरवीगार. पाऊस गेला की वाळतात, आणि आपण वाळणं म्हणतो तशी नाही, तर बोटांत चुरडली तर भुगा व्हावा इतकी. बाकीची झाडं एवढं पाणी गेलं की मरतात. ही मरत नाहीत. थांबतात. सहा-आठ महिने उन्हात करपत थांबून राहतात आणि पाणी मिळालं की दिवसाभरात पुन्हा हिरवी होतात. जुनंच पान, तोच देठ, पुन्हा चालू.

हे सांगताना बाईंचा चेहरा असा व्हायचा, की जणू ही युक्ती त्यांनीच त्या झाडांना शिकवली होती.

यावरून त्यांनी माणसांचे दोन भाग केले होते. एक भाताची माणसं. इंद्रायणी तांदळासारखी, घोट्यापर्यंत पाणी सतत पाहिजे, एक दिवस कमी पडलं की माना टाकल्या. दुसरी कातळावरची माणसं. त्यांना काही लागत नाही. भेट नको, फोन नको, विचारपूस नको. वर्षांनी भेटा, जिथे सोडलं तिथून पुढे चालू. काकू भात. दूधवाला भात. वाढदिवसाला एकमेकांना फुलांची चित्रं पाठवणारं सगळं निवृत्त प्राध्यापक मंडळ भात. कातळावर स्वतः बाई आणि मी. मला त्यांनी ती पदवी दिली तेव्हा मी आभार मानले. खरं सांगायचं तर मी कातळावरचा वगैरे नव्हतो. मला बोलायला कुणी नव्हतं, एवढंच.

एकदा मला ताप आला. तिसऱ्या दिवशी बाई जिना चढून दाराशी आल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, "पुस्तकवाले, मी तुमची चौकशी करणार नाही. चौकशी केली की माणसं आजारी राहतात." मग खाली गेल्या. संध्याकाळी काकूंनी मऊ भात आणि मेतकूट पाठवलं. ते खालच्या मजल्यावरून माझ्यापर्यंत पोचलं तेव्हा पातेलं अर्धं झालं होतं. "बरा केलाय," खालून बाईंचा आवाज आला. "मीठ जरा कमी आहे."

बाईंचं खाणं हा एक वेगळाच प्रकार होता. गोडा मसाला घरात चालत नसे. कारण त्यात दगडफूल असतं. "त्यात जीव नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं?" त्या वाण्याला विचारायच्या. "पाणी घालून बघितलंत? नाही ना? मग मी भाजून खाणार नाही." वाणी समजूतदार होता. तो म्हणाला, "बाई, मग चिंच-गूळ घ्या, ते नक्की मेलेलं आहे."

काकूंना फाटकाबाहेर काढलं ती हकिगत पाण्याचीच. बाई चार दिवस पुण्याला गेल्या होत्या. परत आल्या तर गच्चीवरचे दगड ओले, आणि भर एप्रिलमध्ये सगळं हिरवंगार झालेलं. काकू हात पुसत, चेहरा फुलवून उभ्या. "इतकी वाळली होती हो बिचारी. मी आपलं रोज थोडं थोडं घातलं. बघा कशी तरारली!"

"तुम्ही झोपलेल्या माणसाला उठवून विचारता का, की झोप लागली का म्हणून?" बाई म्हणाल्या.

"अहो, पण हिरवी झाली की!"

"झाली. आता उद्यापासून ऊन आहे. ती आपली मूर्ख, पाऊस आला समजून कामाला लागली. तुम्ही काय, जूनपर्यंत इथे उभ्या राहणार आहात?"

काकू रडल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली. बाईंच्या वतीने हे काम माझ्याकडेच असे.

पण बाईंना खरा तोडीस तोड भेटला तो बेडशाच्या लेण्यांखाली. तिथे एक माणूस टोपलीत वाळलेले गोळे घेऊन बसायचा. समोर पाण्याचं घमेलं. "संजीवनी! मेलेलं जितं व्हतं! घरात ठेवा, आजारपन येत न्हाई!" असं ओरडत तो एक गोळा पाण्यात सोडायचा. गोळा हळूहळू उलगडायचा आणि पर्यटक मोबाइल काढायचे. बाई दर पावसाळ्याआधी मुद्दाम तिथे भांडायला जायच्या. मला बरोबर न्यायच्या, साक्षीदार म्हणून.

"हे उघडलं," बाई गर्दीला सांगायच्या. "उघडणं वेगळं आणि जगणं वेगळं. लाकडाचं दारसुद्धा पावसाळ्यात फुगतं, म्हणून काय ते झाड झालं? मेलेला गोळाही पाण्यात उघडतो. तो हिरवा होतो का, ते बघा. उद्यापर्यंत थांबा आणि मग घ्या."

विक्रेता शांतपणे तंबाखू मळत म्हणायचा, "बाई, गिऱ्हाईक उद्यापर्यंत थांबत न्हाई. त्याला पाचची गाडी असती."

"मग त्याला खरं सांगा."

"खरं सांगितलं तर चारची पकडल."

गर्दी हसायची. परतताना त्या मला बजावायच्या, "लक्षात ठेवा, पुस्तकवाले. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. वाळलेलं जिवंत आणि वाळलेलं मेलेलं, दोन्ही सारखीच दिसतात. आणि यांनाही मुदत असते. कितीही वर्षं थांबतील असं नाही." हे वाक्य त्या वर्गातही वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. शिकवणाऱ्या माणसांचं हे एक असतं. समोरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतात, आणि स्वतः तेवढे ऐकणाऱ्यांत नसतात, फळ्याच्या बाजूला असतात.

बाईंना एक धाकटी बहीण होती, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. दोघी लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या. घर शेतकऱ्याचं. थोरली शिकली, लोणावळ्याला राहिली, लग्न केलं नाही. धाकटी कान्ह्याला दिली. बहिणीचा विषय बाईंनी काढला तोही एक विनोद म्हणून, आणि गोष्ट होती दहाव्याची.

मेहुणे वारले. दहाव्याला नदीकाठी सगळं गाव जमलं होतं. पिंड ठेवले, माणसं मागे सरली, आणि कावळा येईना. झाडावर बसलेले दिसत होते, पण खाली उतरत नव्हते. गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं म्हणत एकेक जण पुढे होऊन शब्द देऊ लागला. मुलगा म्हणाला, आईला अंतर देणार नाही. दीर म्हणाला, वरचं शेत विकणार नाही. कावळा ढिम्म. ऊन चढलं. तेव्हा गावातले एक आबा बाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी थोरल्या. तुमी म्हना, भनीला बघीन म्हनून. त्यांचा जीव तिच्यातच आडकलाय."

"मग मी पुढे झाले," बाई मला सांगत होत्या, "आणि मोठ्याने म्हणाले, 'तिला कुणी बघायला नको. ती काही भात नाही. कातळावरची आहे ती. पाण्यावाचून राहील.' आणि काय सांगू तुम्हाला, तत्क्षणी कावळा उतरला! मी मानत नाही असलं काही. पण पक्ष्याला कळलं, एवढं म्हणते."

त्या मनापासून हसल्या. मी विचारलं, "आणि बहीण काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाली. ती कशाला बोलेल? सांगितलं ना, कातळावरची आहे."

"नंतर?"

"नंतर काय? नंतर बोलणं झालेलं नाही आमचं. काही अडलंय का? असतं तसंच आहे सगळं. एक दिवस जाईन, की चालू."

बाईंच्या कोशात त्याहून मोठा गौरव नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा कोश गावाने वाचलेला नव्हता. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई तिथे उभी होती, आणि तिच्या थोरल्या बहिणीने चारचौघांत सांगितलं, की हिला कुणाची गरज नाही. वर कावळाही उतरला. म्हणजे गेलेल्या नवऱ्यानेही त्याला होकार दिला. एवढं सगळं बाईंना समजावून सांगायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी म्हणालो, "जाऊन या एकदा." त्या म्हणाल्या, "घाई काय आहे?"

मग एक दिवस त्यांनी फडताळातून पितळी डबा काढला. त्यात एक गोळा होता. किती काळ टिकतो ते बघायला मुद्दाम ठेवलेला. बशीत पाणी घेऊन त्यांनी तो सोडला आणि मला हाक मारली. गोळा छान उलगडला. बशीभर झाला. बाई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशीही तो तपकिरीच होता. बाईंनी पाणी बदललं. त्याच्या पुढच्या दिवशी बशी खिडकीत, उजेडाला ठेवली. मग एके सकाळी खाली गेलो तर घरभर कुजका वास होता, आणि बाई बशीसमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या.

"कधीचा होता हा?" मी विचारलं.

"मेहुणे गेले त्या वर्षी आणलेला."

त्या बशी घेऊन उठल्या, मागच्या दारी गेल्या, हात धुऊन परत आल्या.

"रविवारी तुम्हाला सुट्टी असते ना?" त्या म्हणाल्या. "कान्ह्याला जायचंय."

रविवारी सकाळी आम्ही पुण्याकडच्या लोकलने कान्ह्याला उतरलो. बाईंनी चिक्की घेतली होती. लोणावळ्यात आयुष्य काढलेल्या बाईने बहिणीकडे जाताना पर्यटकांसारखी चिक्कीची पुडकी न्यावीत, हे मला जरा विचित्र वाटलं. पण त्यांना दुसरं काही सुचलं नसावं. रस्ताभर त्या माझ्यावर सराव करत होत्या. "'कशी आहेस' असंच विचारायचं ना आधी? आणि ती 'बरी आहे' म्हणाली, तर पुढे काय?"

बहीण दारातच होती. बाईंच्याच चेहऱ्याची, फक्त उन्हात राहिलेली. आम्हाला बघून तिने पदर डोक्यावर घेतला.

"या. बसा," ती म्हणाली, आणि शेजारच्या घरातून प्लास्टिकची खुर्ची मागवली. खुर्ची पुसली. बाई खुर्चीत बसल्या. पाणी आलं. चहा आला, कपबशीतून. पोहे आले, वर खोबरं घातलेले. "घ्या की. लाजू नका." बाईंनी विचारलं, "कशी आहेस?" बहीण म्हणाली, "बरी हाय. तुमची तब्येत?" मुलगा तळेगावला कंपनीत आहे, सून चांगली आहे, पाऊस बरा झाला, भात बरा आला. प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर तिथेच संपत होतं. निघताना तिने बाईंच्या हातावर नारळ ठेवला, वाकून नमस्कार केला आणि फाटकापर्यंत पोचवायला आली.

कुठेच काही कमी नव्हतं. स्टेशनच्या बाकावर बसल्यावर मी तसं म्हणालोही, "छान पाहुणचार केला हो मावशींनी."

बाई रुळांकडे बघत होत्या.

"मला खुर्ची दिली तिनं," त्या म्हणाल्या.



पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. ज्या बाईंनी शेजारणीला चार मग पाण्यावरून हाकललं होतं, त्या आता रविवार चुकवत नव्हत्या. गाडीला उशीर झाला तर स्टेशनमास्तरशी भांडत. मला हे बघायला गंमत वाटायची, आणि मी ती लपवत नसे. "आज पाणी घालायला जायचं ना?" मी विचारायचो. बाई उत्तर देत नसत. चपला घालत.

पण भेटींचं तंत्र त्यांना काही येईना. त्या खुर्चीत बसायच्या आणि गप्प राहायच्या. मीच आपला भाताबद्दल, सुनेबद्दल, ग्रंथालयातल्या वाळवीबद्दल काही काही बोलायचो. मध्येच बाईंना आपण बोललं पाहिजे असं आठवायचं, आणि त्या एकदम विचारायच्या, "तुझ्या विहिरीचं पाणी जड आहे का?" बहीण म्हणायची, "न्हाई, बरं हाय." पोहे दर रविवारी, वर खोबरं. खुर्ची दर रविवारी, पुसून. एकदा सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, आत्याबाईंना काय पायजे का? शेताचं काय हाय का? आमाला नीट सांगा. आत्या लय घाबरल्यात." सासूला ती आत्या म्हणे आणि बाईंना आत्याबाई. म्हणजे आमच्या पाणी घालण्याचा अर्थ तिथे असा लागत होता. मी ते बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्या गेल्या असत्याच.

फुटलं ते तुळशीवरून. अंगणात तुळस होती आणि बहीण तिला कळशीने पाणी घालत होती. बाईंमधली शिक्षिका खुर्चीतून उठली.

"किती घालतेस? मुळं कुजतील तिची. सगळ्यांना पाणी लागत नाही एवढं."

बहिणीच्या हातून कळशी खाली आली. पितळेची होती, आवाज सगळ्या आळीत गेला.

"न्हाई लागत? कुनाला न्हाई लागत? तू ठरवनार ते? साऱ्या गावाम्होरं म्हनालीस, हिला पानी नगं! माजा मानूस जाऊन धा दिस झालं व्हतं आक्का, धा दिस! मी हुबी न्हाई ऱ्हात व्हते, जावंनं धरलं व्हतं मला. आन् तू म्हनालीस, हिला कुनी नगं!"

"अगं, मी तुझं कौतुक..."

"कौतुक? असलं कौतुक त्या दगडास्नी सांग जा! त्येंच्याच मायेची हाईस तू. आई गेली तवा तू डोंगरावं व्हतीस. मला डेंगू झाला तवा तू कुटं व्हतीस? फोन केलास का गं येक? माजं पोरगं म्हनलं, मावशीला कळवू का, तर मी म्हनलं नगं, ती म्हनंल ऱ्हाती आपली पान्यावाचून! कावळ्यानं सुदीक तुजंच आयकलं मेल्यानं!"

शेवटच्या वाक्याला सून तोंडात पदर घालून आत पळाली. मीही पायांकडे बघत राहिलो. बाई मात्र अंगणात उभ्या होत्या, पायात चप्पल नाही, साडीच्या निऱ्यांवर कळशीचं पाणी. त्यांना बोलायचं बरंच होतं, हे दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या तुळशीच्या कट्ट्याला टेकून खाली, ओल्या जमिनीवरच बसल्या.

"चुकलंच माझं," असं त्या म्हणाल्या असत्या तर गोष्ट छान झाली असती. बाई असलं काही म्हणणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मालन, पानी दे गं प्यायला. घसा वाळला."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून औंढ्याची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

बहीण आत गेली. बाहेर आली ती तांब्या घेऊन, आणि तो तिने बाईंच्या पुढ्यात आदळला. "पी. आन् ऊठ, साडी भिजली सगळी. अक्कल न्हाई कवडीची, म्हनं प्रोफेसर."

त्या दिवशी पोहे झाले नाहीत. चुलीपाशी बसवून भाकरी आणि वालाची उसळ वाढली, आणि वाढतानाही तोंड चालू होतं. आई गेली तेव्हापासून सुरुवात करून बहीण, जिला मी मावशी म्हणायचो, लहानपणापर्यंत मागे पोचली. उसळीत गोडा मसाला होता. बाई दोनदा घेऊन जेवल्या.

त्यानंतर एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. दर रविवारी भांडण. बाई हिरिरीने भांडायच्या, मध्येच बोलीवर यायच्या, आणि संध्याकाळी गाडीत मला विचारायच्या, "मघा ती असं म्हणाली, तेव्हा मी काय म्हणायला पाहिजे होतं?" मी पुस्तकातला माणूस, मला काही सांगता येत नसे. मग त्या स्वतःच उत्तर शोधून ठेवायच्या, पुढच्या रविवारसाठी. काकूंशीही त्या बोलू लागल्या होत्या, पण तो सुधारणेचा भाग नव्हता. बहिणीवर टाकायची वाक्यं आधी काकूंवर घासून बघत, इतकंच.

मग बाईंना धाप लागायला लागली. दवाखान्यात ठेवल्यावर मावशी रविवारी भेटायला आली. बाईंनी भाकरीला तोंड लावलं नाही, यावरून तिने सगळा वॉर्ड गोळा केला. जाताना म्हणाली, "मंगळवारी येते डबा घिऊन. त्यो संपवला न्हाईस तर बघ."

मंगळवारी सकाळी मी तिला फोन केला. दुपारी ती आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. भाकऱ्या आधीच थापून झाल्या होत्या, ती म्हणाली. तिने डबा खाली ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत तो तिच्या मांडीवर होता.

तेराव्यानंतर मला तिचा फोन आला. मला वाटलं, खोलीबद्दल, घराबद्दल काही असेल. ती म्हणाली, "आक्कानं दिवाळीत माजी कढई न्हेली. चकलीची. परत आनती म्हनाली व्हती. बगा घरात."

मी शोधली. ओट्याखाली होती. रविवारी कान्ह्याला घेऊन गेलो. मावशीने ती उलटी करून बघितली, बोटाने वाजवली.

"ही माजी न्हाई. माजी जाड बुडाची व्हती. आक्कानं बदलली. शिकल्याली मान्सं आसंच करत्यात." असं म्हणून तिने कढई गॅसवर ठेवली आणि तीत तेल ओतलं.

मग तिने मला औंढ्याची एक हकिगत सांगितली. थोरलीने लहानपणी तिची बाहुली विहिरीत टाकली होती, तरंगते का बघायला. ती सांगताना तिला इतका राग आला होता, की तेल धुरावलं तरी तिचं लक्ष नव्हतं. निघताना ती म्हणाली, अजून पुष्कळ आहे, रविवारी या.

बाई नाहीत. भांडण आहे. मावशी ते आता एकटी चालवते, आणि बाईंच्या बाजूला मी बसतो.